दुसरं रूट : डॉट कॉमच्या वर कोण बसलंय, आणि त्याला बदलता येतं का?

शेवटचा_ठिपका (धागाकर्ता)

शेजारच्या धाग्यावर एकाने विचारलं होतं की 'एकदाच पैसे भरा, डोमेन कायमचं तुमचं, नूतनीकरणाची कटकट नाही' ही जाहिरात खरी असते का. तिथे चार ओळींत उत्तर भागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय. असल्या जाहिरातींमधली नावं बहुतेक वेळा पर्यायी रूटमधली असतात. हा वाद आजचा नाही, तीस वर्षं जुना आहे. क्रिप्टोवाल्यांनी त्याला नवे कपडे घातले एवढंच.

आधी रूट म्हणजे काय ते. तुम्ही ब्राउझरमध्ये पत्ता टाकता तेव्हा तुमचा फोन एका रिझॉल्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला, विचारतो. तो बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीचा असतो, नाहीतर गूगल किंवा क्लाउडफ्लेअरचा. डॉट इन कोण सांभाळतं हे त्या रिझॉल्व्हरला ठाऊक नसेल तर तो रूट सर्व्हरला विचारतो. रूट सर्व्हर तुम्हाला हवी ती साइट कुठे आहे ते सांगत नाही. 'डॉट इनचे सर्व्हर अमुक ठिकाणी आहेत, पुढचं तिकडे विचार' एवढं सांगून मोकळा होतो. म्हणजे रूटची अख्खी फाइल ही चौदाशेच्या वर शेपटांची यादी (शेपूट म्हणजे नावाच्या शेवटचं डॉट कॉम, डॉट इन वगैरे). दोनेक एमबीची. लग्नाचा एक फोटो याहून मोठा असतो.

ही यादी ए ते एम अशा तेरा अक्षरांच्या सर्व्हरांवर असते. तेराच का, तर जुन्या काळी सगळ्यांचे पत्ते ५१२ बाइटच्या एका उत्तरात मावायला हवे होते. ते बारा संस्था चालवतात: डॉट कॉम सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनकडे दोन अक्षरं, बाकी नासा, अमेरिकी लष्कराची प्रयोगशाळा, मेरीलँड विद्यापीठ, स्टॉकहोमची नेटनॉड, टोकियोचा वाइड प्रकल्प, खुद्द आयकॅन (या यादीचा कारभार पाहणारी संस्था) वगैरे. अक्षरं तेरा असली तरी प्रत्यक्ष यंत्रं जगभर दीड हजारांहून जास्त आहेत. आय अक्षराची एक प्रत मुंबईतही आहे, त्यामुळे 'सगळे रूट सर्व्हर अमेरिकेत' हे व्हॉट्सअ‍ॅप ज्ञान विसरा.

आता खरी गोम. हे तेरा पत्ते प्रत्येक रिझॉल्व्हरमध्ये एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. ती फाइल बदलून तिथे दुसऱ्याच कुणाचे पत्ते घातले, की तुमच्यापुरतं जग बदललं. त्याला कुलूप नाही आणि कुणाची परवानगी लागत नाही. आयकॅनचं रूट चालतं ते जगभरचे रिझॉल्व्हर चालवणारे लोक स्वखुशीने तेच पत्ते वापरतात म्हणून.

त्यामुळे 'मग आपणच का नको?' हा विचार फार लवकर आला. सप्टेंबर १९९५ पर्यंत डॉट कॉम फुकट मिळायचं. मग नेटवर्क सोल्यूशन्सने वर्षाला ५० डॉलर घ्यायला सुरुवात केली, आणि विकणारी ती एकटीच. लोक चिडले. युजीन काशप्युरेफ नावाच्या गृहस्थाने अल्टरनिक काढलं, स्वतःचं रूट आणि स्वतःची शेपटं. इथवर ठीक होतं. पण जुलै १९९७ मध्ये त्याने डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधायच्या या व्यवस्थेच्या) एका कच्च्या दुव्याचा फायदा घेऊन इंटरनिकच्या, म्हणजे नेटवर्क सोल्यूशन्सच्याच नोंदणीच्या, साइटवर जाणारे लोक परस्पर अल्टरनिककडे वळवले. म्हणे निषेध. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी त्याला टोरांटोत अटक झाली आणि पुढे अमेरिकेत त्याने गुन्हा कबूल केला. पर्यायी रूटवाल्यांची बदनामी झाली ती तेव्हापासून.

पण सगळ्यात थरारक प्रकार केला तो या व्यवस्थेच्या कर्त्या पुरुषानेच. जॉन पोस्टेल, ज्याच्या एकट्याच्या शब्दावर ही यादी वर्षानुवर्षं चालली. २८ जानेवारी १९९८ ला त्याने सरकारी नसलेल्या आठ रूट सर्व्हरांच्या चालकांना ईमेल केली: यादी नेटवर्क सोल्यूशन्सच्या सर्व्हरवरून घेऊ नका, माझ्याकडून घ्या. आणि त्यांनी घेतली! व्हाइट हाउसमधून आयरा मॅगझिनर यांनी फोनवर त्याला झापलं आणि थोड्याच दिवसांत सगळं पूर्ववत झालं. 'चाचणी होती' असं पोस्टेलचं म्हणणं. त्याच वर्षी आयकॅन स्थापन झाली आणि ऑक्टोबरमध्ये पोस्टेल गेला, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे नंतर 'धागाकर्ते कुंपणावर' असं व्हायला नको. आयकॅनबद्दल तक्रारी खऱ्या आहेत. पण नवी शेपटं विकणारं प्रत्येक पर्यायी रूट एका टप्प्यावर 'दोघांनी एकच शेपूट काढलं तर कुणाचं खरं?' या प्रश्नाशी येऊन थांबतं, आणि त्याचं उत्तर द्यायला बसलं की त्याचीच आयकॅन होते.

---

निवांत_पाटील

वाचतोय. वाचनखूण साठवली. पोस्टेलचा किस्सा माहीतच नव्हता, दंडवत.

---

वऱ्हाडी_ठेचा

लेख झकास पण धागाकर्ते आयकॅनला फारच स्वस्तात सोडतात. नवी शेपटं द्यायच्या २०१२ च्या फेरीत एका शेपटाच्या नुसत्या अर्जाची फी किती होती? १,८५,००० डॉलर. आता २०२६ च्या फेरीला २,२७,०००. अर्ज आले १,९३०, त्यात मोठमोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या ब्रँडची नावं घेऊन ठेवली, कित्येक नुसती पडून आहेत. डॉट वेबचा लिलाव १३.५ कोटी डॉलरला गेला आणि मागून कळलं की पैसे व्हेरिसाइनचे, म्हणजे ज्यांच्याकडे डॉट कॉम आहे त्यांचेच!

आणि डॉट ऑर्ग आठवतं का? २०१९ मध्ये जगभरच्या सेवाभावी संस्थांचं ते शेपूट, ते सांभाळणारेच एका खासगी गुंतवणूक कंपनीला शंभर कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकायला निघाले होते. त्याच वर्षी भाववाढीची मर्यादाही काढून टाकली होती. इतका आरडाओरडा झाला, कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्याने पत्र लिहिलं, तेव्हा कुठे एप्रिल २०२० मध्ये आयकॅनने नकार दिला. हे असले कारभारी असल्यावर लोक पर्याय शोधणार नाहीत तर काय करणार?

---

शेवटचा_ठिपका

@वऱ्हाडी_ठेचा, डॉट ऑर्गबाबत शंभर टक्के सहमत. पण ते प्रकरण थांबलं कशामुळे ते बघा. ओरडायला एक पत्ता होता. पत्र पाठवायला एक महाधिवक्ता होता, कारण आयकॅन कॅलिफोर्नियात नोंदलेली ना-नफा संस्था आहे. 'समुदाय सांभाळतो' असं म्हणणाऱ्या रूटमध्ये कुणाच्या दारात धरणं धरणार?

---

राउटरराणी

मी एका इंटरनेट पुरवठादाराकडे नेटवर्क सांभाळते, त्यामुळे थोडं आमच्या बाजूने.

आमच्याकडे दर काही महिन्यांनी एखादं ग्राहक-तिकीट असतं: 'अमुक साइट तुमच्या लाइनवर उघडत नाही, तुम्ही ब्लॉक केलीय.' बघितलं तर साइट पर्यायी रूटमधली. ती जगात बहुतेक कुठेच उघडत नाही. पण शिव्या आम्हाला.

धागाकर्त्यांनी नावांच्या टकरीबद्दल लिहिलं, त्याचं पहिलं मोठं उदाहरण म्हणजे डॉट बिझ. अटलांटिक रूट नावाच्या पर्यायी रूटमध्ये डॉट बिझ आधीपासून चालू होतं, लोकांनी नावंही घेतली होती. २००१ मध्ये आयकॅनने स्वतःचं डॉट बिझ नेमून दिलं. आता एकाच पत्त्याला दोन उत्तरं. तुम्ही कुठल्या रूटवर आहात त्यावर तुमची ईमेल कुणाला जाईल ते ठरणार. जुन्या डॉट बिझवाल्यांची बाजू न्यायाची होती असं मलाही वाटतं, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांनी ती मांडलीही. पण शेवटी जगातल्या रिझॉल्व्हरांनी आयकॅनचंच ऐकलं आणि ते संपले.

त्याच वर्षी न्यू डॉट नेट आलं होतं. डॉट शॉप, डॉट किड्स, डॉट एमपी३ अशी वीस शेपटं, वर्षाला २५ डॉलर. त्यांची युक्ती मजेशीर होती. ब्राउझरमध्ये एक पुरवणी घालायची आणि 'काहीतरी डॉट शॉप' टाकलं की ती गुपचूप मागे 'डॉट न्यू डॉट नेट' जोडायची. म्हणजे पर्यायी रूटही नाही, सरळसरळ आयकॅनच्याच डॉट नेटखालचं उपनाम! अर्थलिंकसारखे मोठे पुरवठादार त्यांनी गाठले होते. ती पुरवणी नंतर लोक स्पायवेअर म्हणून काढून टाकायला लागले.

या गोंधळावर तांत्रिक मंडळींनी आरएफसी २८२६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मे २००० मध्येच लिहून ठेवलं होतं की सार्वजनिक नावांसाठी एकच रूट असणं ही तांत्रिक गरज आहे, राजकीय आवड नव्हे. जुलै २००१ मध्ये आयकॅननेही तेच धोरण म्हणून जाहीर केलं. दस्तऐवज छोटा आहे, जमलं तर वाचा.

---

साखळीसम्राट

नेहमीप्रमाणे क्रिप्टो म्हटलं की नाक मुरडायचं. दोन गोष्टी.

एक, डॉट ईटीएचवाले स्वतःला पर्यायी रूट म्हणतच नाहीत. २०१७ पासून चालू आहे, नाव इथेरियमच्या साखळीवर (ब्लॉकचेनवर) असतं, मुख्य उपयोग क्रिप्टो-पाकिटाच्या लांबलचक पत्त्याऐवजी वाचता येईल असं नाव देणं. तुमच्याकडे आयकॅनचं डोमेन असेल आणि त्यावर डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही) लावलेलं असेल तर तेही तिथे आणता येतं. आणि तिथे नूतनीकरण आहे, पाच किंवा जास्त अक्षरांना वर्षाला ५ डॉलर. तेव्हा 'कायमचं' म्हणणारे सगळे एका माळेत ओवू नका.

दोन, हँडशेक. फेब्रुवारी २०२० ला सुरू झालं. तिथे रूटची यादीच साखळीवर आहे. कुठलंही शेपूट लिलावात घ्या, बंद बोली, जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाची किंमत भरतो. आयकॅनची चालू शेपटं आणि सर्वात जास्त भेटी असलेल्या एक लाख साइट्सची नावं त्यांनी आधीच राखून ठेवली, म्हणजे टक्कर टाळायचा विचार केलेला आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थांना सुमारे एक कोटी डॉलरच्या देणग्या दिल्या. २,२७,००० डॉलर भरू न शकणाऱ्या माणसाला शेपूट मिळालं तर तुमच्या पोटात का दुखतं?

---

शेवटचा_ठिपका

@साखळीसम्राट, ईटीएचबाबत मुद्दा मान्य, ती मंडळी त्यातल्या त्यात जबाबदार आहेत.

हँडशेकने राखून ठेवली ती 'तेव्हा' असलेली शेपटं. आयकॅनची नवी फेरी येणार, तेव्हा नवी शेपटं येणार, आणि हँडशेकमध्ये ती आधीच विकलेली. डॉट बिझचाच प्रयोग, पात्रं नवी.

साखळीवाल्यांची आपापसातली टक्कर तर आयकॅनची वाटही बघत नाही. अनस्टॉपेबल डोमेन्सने डॉट कॉइन विकायला काढलं. मग लक्षात आलं की एमरकॉइन नावाच्या साखळीवर डॉट कॉइन आधीपासून आहे. २०२२ मध्ये त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी डॉट वॉलेटवरून हेच अनस्टॉपेबलवाले हँडशेकवर डॉट वॉलेट विकणाऱ्यांविरुद्ध न्यायालयात गेले. कुणालाही न जुमानणाऱ्या नावांचा मालक ठरवायला अमेरिकेतलं न्यायालय!

---

मुळामुठा

ओपननिकचा उल्लेख कुणी करत नाही याचं आश्चर्य वाटतं. २००० पासून चाललंय, स्वयंसेवक चालवतात, डॉट गीक, डॉट लिब्रे, डॉट पायरेट अशी शेपटं, पैसे नाहीत, निर्णय मतदानाने. मी कॉलेजात असताना हौस म्हणून वापरायचो. तिथे २०१९ मध्ये एक रंजक मतदान झालं. नेमकॉइनचं डॉट बिट ते आपल्या सर्व्हरांवरून दाखवायचे. २०११ चं नेमकॉइन, बिटकॉइननंतरची अगदी पहिली शाखा. डॉट बिटवरचं नाव कुणीच काढून टाकू शकत नाही हीच त्याची जाहिरात. मग व्हायरस बनवणाऱ्यांना ते आवडलं. त्यांच्या नियंत्रक यंत्रांची नावं डॉट बिटवर, आणि ओपननिकच्या स्वयंसेवकांचे सर्व्हर काळ्या यादीत जायला लागले. शेवटी सभासदांनी मत देऊन डॉट बिट काढून टाकलं.

मला हे वाचून ओपननिकबद्दल आदरच वाटला होता. पण नाव कुणालाच काढता येत नाही, हे वाक्य कुठल्या तरी सर्व्हरवाल्याच्या टेबलापाशी येऊन संपतं हेही खरं.

---

नाशिकची_मिसळ

तांत्रिक चर्चेत व्यत्ययाबद्दल क्षमस्व. माझ्या मावसभावाने असंच एक 'आजीवन' नाव विकत घेतलंय. द्राक्षं आणि बेदाणे विकतो. चांगलं दिसणारं शेपूट, व्हिजिटिंग कार्डं छापली, टेम्पोवर रंगवून घेतलं. त्याच्या लॅपटॉपवर उघडतं, गिऱ्हाइकांच्या फोनवर उघडत नाही. विकणाऱ्या कंपनीला विचारलं तर म्हणे गिऱ्हाइकाला अमुक ब्राउझर टाकायला सांगा. बेदाणे घेणारा माणूस ब्राउझर बदलेल का हो? आता यात पैसे परत मिळायची काही शक्यता?

---

राउटरराणी

@नाशिकची_मिसळ ताई, पैशांचं अवघड आहे, पण ग्राहक मंचाकडे जाता येईल. विकताना 'सगळीकडे उघडेल' असं लेखी आश्वासन दिलं होतं का ते शोधा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट असेल तर जपून ठेवा.

भावाच्या लॅपटॉपवर उघडतं याचं कारण त्याच्या ब्राउझरला साखळीवरची नावं कळतात. ब्रेव्ह आणि ऑपेरात अशी सोय आहे. बाकी ब्राउझरांत पुरवणी लागते.

आणि फक्त उघडण्याचा प्रश्न नाही. त्या नावावरची ईमेल चालणार नाही, कारण पाठवणाऱ्याचा मेल सर्व्हर आयकॅनच्याच रूटला विचारतो. पत्त्याशेजारचं कुलूपही मिळणार नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना सार्वजनिक रूटमध्ये नसलेल्या नावांना प्रमाणपत्र द्यायला मनाई आहे, जुनी होती ती ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करायला लावली. म्हणजे पैसे भरण्याचं पान लावायचं म्हटलं तर तिथेच खुंटलं. हँडशेकवाले म्हणतात आम्ही प्रमाणपत्र डीएनएसमध्येच ठेवू, कल्पना चांगली आहे, पण क्रोम आणि सफारी ते बघतच नाहीत.

आत्ता लगेच एक साधं डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या, टेम्पोवर तेवढं रंगवून घ्या.

---

तलाठी_काका_निवृत्त

माझ्या बुद्धीला झेपलं ते असं. मी घरी बसून शेजारच्या गटाचा सातबारा सुंदर कागदावर छापला, खाली सहीशिक्का मारला, तुम्हाला विकला. कागद खराच आहे, तो तुमच्याकडून कुणी हिरावूनही घेणार नाही. फक्त बँकेत नेला की मॅनेजर विचारणार, हा कुठल्या दप्तरातला?

---

साखळीसम्राट

काका, उदाहरण छान आहे पण सरकारी सातबाऱ्यावर परस्पर नावं चढल्याच्या किती केसेस तुम्ही स्वतः पाहिल्या असतील? अधिकृत दप्तर म्हणजे शुद्ध दप्तर नव्हे. साखळीवर निदान फेरफार सगळ्यांना दिसतो.

---

तलाठी_काका_निवृत्त

पाहिल्या. आणि त्या दुरुस्त करायला प्रांताकडे अपील असतं, तेही पाहिलं. तुमच्या साखळीवर किल्ली हरवली तर अपील कुणाकडे?

---

मुळामुठा

काकांनी विकेट काढली :)

अवांतर, पण न राहवून. डॉट ईटीएचची नावं साध्या ब्राउझरवर उघडावीत म्हणून 'ईटीएच डॉट लिंक' हे प्रवेशद्वार होतं. ते साधं, आयकॅनच्या रूटमधलं डोमेन. ज्याच्या हाती ते होतं तो माणूस २०२२ मध्ये अमेरिकेत तुरुंगात. नूतनीकरण राहिलं, डोमेन दुसऱ्याच्या हाती गेलं, आणि शेवटी न्यायालयाच्या आदेशाने परत आलं. अडवता न येणाऱ्या नावांचं दार एका माणसाच्या नूतनीकरणावर टांगलेलं होतं.

---

सार्वभौम

सगळी चर्चा ग्राहक आणि कंपन्यांभोवती फिरतेय. खरा प्रश्न देशांचा आहे. २०१६ पर्यंत रूटच्या यादीतला प्रत्येक बदल अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या नजरेखालून जायचा. १ ऑक्टोबर २०१६ ला तो करार संपला हे खरं, पण आयकॅन अजून कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली आणि यादीची फाइल प्रत्यक्ष तयार करणारी व्हेरिसाइन व्हर्जिनियात. उद्या अमेरिकेचं आणि आपलं बिनसलं आणि डॉट इन यादीतून काढलं तर? रशियाने उगाच नाही नोव्हेंबर २०१९ पासून कायदा लागू करून स्वतःची राष्ट्रीय डीएनएस व्यवस्था उभारली. ब्रिक्स देशांचं स्वतंत्र रूट काढायची भाषा त्यांनी २०१७ मध्येच केली होती. भारताने त्यात असायला हवं.

---

शेवटचा_ठिपका

@सार्वभौम, तुमची भीती निराधार नाही. पण तिची परीक्षा एकदा प्रत्यक्ष झालेली आहे, आणि तीही रशियाच्या डॉट आरयूवरच. २८ फेब्रुवारी २०२२ ला, युद्ध सुरू होऊन चार दिवस झाले असताना, युक्रेनने आयकॅनला लेखी मागणी केली: डॉट आरयू, सिरिलिकमधलं डॉट आरएफ आणि डॉट एसयू रद्द करा. त्या आठवड्यात अमेरिका कुणाच्या बाजूने होती हे सांगायला नको. २ मार्चला आयकॅनचं उत्तर गेलं, नाही. आमचं काम इंटरनेट चालू ठेवणं आहे, शिक्षा देणं नव्हे, असा आशय. ज्या देशाने स्वतःचं वेगळं रूट उभारायची तयारी केली होती, त्याचंच शेपूट त्या जुन्या रूटने राखलं.

उद्या असंच होईल याची हमी मी देत नाही. पण शेपूट काढायचं हत्यार एकदा वापरलं की निम्मं जग दुसऱ्या दिवशी आपापली यादी घेऊन बसेल, हे आयकॅनला पक्कं ठाऊक आहे. पर्यायी रूटची शक्यता असणं हाच आयकॅनवरचा सर्वात मोठा वचक आहे. ते प्रत्यक्ष काढलं की वचक गेला आणि गोंधळ राहिला.

---

राउटरराणी

सरकारी रूट म्हटलं की मला मार्च २०१० आठवतं. आय रूटची एक प्रत बीजिंगमध्ये होती. चिलीमधल्या काही लोकांच्या विचारणा इंटरनेटच्या रस्त्यांच्या योगायोगाने तिथे पोचल्या, आणि फेसबुक, ट्विटर, यूट्यूबसाठी त्यांना भलतेच पत्ते मिळाले. सर्व्हरने खोटं उत्तर दिलं नव्हतं, वाटेतली चिनी गाळणी मध्येच उत्तर ठोकून देत होती. नेटनॉडने ती बीजिंगची प्रत तात्पुरती बाहेरच्या जगापासून तोडली. एका देशाची गाळणी दुसऱ्या खंडात उतरली, तीही अधिकृत रूट असताना. प्रत्येकाचं रूट वेगळं झाल्यावर काय होईल ते बघा.

@सार्वभौम, तुम्हाला हवी ती सुरक्षितता यादी न बदलताही मिळते. यादीची प्रत आपल्याकडे ठेवायची. युरोपात ओआरएसएनने २००२ पासून हेच केलं होतं, नवं शेपूट एकही नाही, आयकॅनचीच यादी पण सर्व्हर युरोपीय, आणि अमेरिकेने काही आगाऊपणा केला तर जुनी यादी चालू ठेवायची तयारी. आता तर वेगळा सर्व्हर-संच लागतच नाही. आरएफसी ८८०६ मध्ये पद्धत दिली आहे: रिझॉल्व्हरवरच रूटची अख्खी यादी उतरवून घ्या. अनबाउंड या रिझॉल्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑथ-झोन या सोयीच्या मोजक्या ओळी. यादीवर २०१० पासून डिजिटल सही आहे आणि २०२३ पासून पूर्ण फाइलचा ठसाही त्यात असतो, त्यामुळे वाटेत कुणी ढवळाढवळ केली तर कळतं. मी घरच्या रिझॉल्व्हरवर हेच चालवते.

---

वऱ्हाडी_ठेचा

यादी आमचीही तीच हे मान्य केलं तर मग आमची भाषा त्या यादीत कुठे? डॉट भारत २०१४ पासून आहे, त्याच देवनागरीत मराठी, कोंकणी, हिंदी सगळं. पण नुसतं 'डॉट मराठी' असं काही नाही.

---

मुळामुठा

@वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या आयडीतलं 'ऱ्ह' रूटमध्ये चालावं म्हणूनही काम झालंय, माहीत आहे का? देवनागरी शेपटांचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने अदृश्य जोडअक्षरं बाद केली, कारण डोळ्यांना न दिसणारं अक्षर म्हणजे फसवणुकीला आमंत्रण. मग आपला 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'दऱ्या'मधला चंद्रकोरी र कसा लिहायचा? त्यासाठी नुक्त्याचा ऱ खास परवानगी देऊन आत घेतला. हँडशेकमध्ये कुणी इतकं बसून ठरवेल असं मला वाटत नाही.

डॉट मराठीची वाट कॅटलान लोकांनी दाखवलेली आहे. २००५ मध्ये त्यांना डॉट कॅट मिळालं, भाषेसाठी मिळालेलं पहिलं शेपूट. मग बास्क, गॅलिशियन, ब्रेटन, वेल्श. अर्जाची फी आज दोन कोटी रुपयांच्या आसपास जाते, पण कमी साधनांच्या संस्थांना ७५ ते ८५ टक्के सवलतीची योजना या फेरीसाठी आयकॅनने आणली होती. पुढे वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या वर आयकॅनला आणि तांत्रिक खर्च वेगळा. साहित्य संमेलनाच्या मांडवखर्चाशी ताडून बघा, अशक्य आकडा नाही.

---

साखळीसम्राट

डॉट कॅटचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. सप्टेंबर २०१७, कॅटलोनियाच्या सार्वमताच्या तोंडावर, स्पेनच्या सिव्हिल गार्डने बार्सिलोनातल्या डॉट कॅटच्या कार्यालयावर छापा घातला आणि त्यांच्या तंत्रप्रमुखाला अटक केली. सार्वमताच्या साइट्स बंद करा म्हणून. अधिकृत रूट, रीतसर अर्ज, समुदायाचं शेपूट, तरी पोलीस दारात. साखळीला दारच नसतं.

---

राउटरराणी

छापा खरा आहे आणि तो संतापजनकच होता. पण डॉट कॅट एक दिवसही यादीतून गेलं नाही, आजही चालू आहे. दबाव आला तो शेपूट चालवणाऱ्या संस्थेवर, रूटवर नाही.

आणि सार्वमताची माहिती शोधणारा बार्सिलोनातला सामान्य मतदार कुठला रिझॉल्व्हर वापरत होता? त्याच्या टेलिफोन कंपनीचा. साखळीवरच्या नावापर्यंत त्याला पोचवायला कुणाला तरी प्रवेशद्वार चालवावं लागलं असतं, आणि त्या प्रवेशद्वाराला पत्ता असतो. ईटीएच डॉट लिंकचा होता तसाच.

---

साखळीसम्राट

ब्राउझरमध्येच सोय आली की प्रवेशद्वार लागणार नाही. ब्रेव्हमध्ये आलीच आहे.

---

राउटरराणी

मग डॉट वॉलेट म्हणजे अनस्टॉपेबलचं की हँडशेकवाल्यांचं, हे ब्रेव्ह ठरवणार. ब्रेव्ह कंपनी सॅन फ्रान्सिस्कोत आहे.